प्रतिनायक केंद्रस्थानी येतो तेव्हा

प्रतिनायक ही संकल्पना मुळातच परावलंबी आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे जे लक्षण दिले आहे, त्यात लोभ, औद्धत्य, हट्ट, पापाचरण आणि व्यसनाधीनता या साऱ्या गोष्टी ‘शत्रू’ या एका पदाभोवती गुंफलेल्या आहेत. आणि शत्रू म्हटला की तो कोणाचा तरी शत्रू असावा लागतो. नायकाचा उत्कर्ष सिद्ध व्हावा, त्याच्या धैर्याची कसोटी लागावी, यासाठी प्रतिनायकाची योजना असते. मग ज्या कलाकृतीतून नायकच काढून घेतला आहे आणि त्याच्या रिकाम्या आसनावर प्रतिनायकाला बसविले आहे, तिची व्यवस्था कोणत्या तत्त्वावर उभी राहते? हा प्रश्न वरवर पाहता रचनेचा वाटतो; परंतु त्याचे मूळ नीतिविचारात आहे. ज्याच्या बाजूने कथा सांगितली जाते त्याच्या सहवासात वाचक किंवा श्रोता काही काळ राहतो, आणि सहवासातून जवळीक निर्माण होते. दुष्टाशी अशी जवळीक घडवून आणणे लेखकाला शोभते काय? त्या जवळिकीने आपला नैतिक निवाडा सैल होतो की अधिक सूक्ष्म होतो?

या प्रश्नाचा विचार येथे एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. हे उदाहरण ब्रिटिश विज्ञाननाट्याच्या क्षेत्रातील असून श्राव्यनाट्य या प्रकारातील आहे. लोकप्रिय दूरदर्शन मालिकेतील खलपात्रांना घेऊन, मूळ नायकाला वगळून रचलेली स्वतंत्र ध्वनिमालिका असे त्याचे स्वरूप आहे. गंभीर वाङ्मयाच्या चर्चेत असा विषय उपरा वाटण्याचा संभव आहे. तथापि नीतीचे काही प्रश्न अभिजात कृतींपेक्षा लोकप्रिय कृतींत अधिक उघडेपणाने मांडलेले आढळतात. कारण तेथे त्यांना झाकण्याइतकी अलंकरणाची सामग्री हाताशी नसते.

प्रथम परंपरेकडे पाहू. प्रतिनायकाला केंद्रस्थानी आणण्याची कल्पना नवी नाही. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन मांड्या मोडलेल्या अवस्थेत रंगमंचावर येतो, आणि त्याचा बालपुत्र नेहमीच्या सवयीने त्याच्या मांडीवर बसू पाहतो. त्या एका क्षणी आपण महाभारतातील साऱ्या अन्यायाचा हिशेब बाजूला ठेवून एका पित्याकडे पाहू लागतो. विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या ‘पउमचरिया’त रावण राक्षस उरतच नाही, तो विद्याधर वंशातील एक विद्वान, पराक्रमी राजा आहे, आणि त्याची दहा मुखे ही हारातील रत्नांत पडलेल्या प्रतिबिंबांची किमया आहे. परस्त्रीची अभिलाषा हाच त्याचा दोष, आणि त्या एका दोषाने त्याचा सर्वनाश होतो. १८६१ साली मायकेल मधुसूदन दत्तांनी ‘मेघनादवध काव्या’त लंकेच्या बाजूने शोक केला. पाश्चात्त्य परंपरेत मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ (१६६७) मधील सैतान इतका भव्य उतरला की, मिल्टन स्वतःच्या नकळत सैतानाच्याच पक्षाचा होता, असा अभिप्राय पुढे ब्लेकने दिला.

या सर्व कृतींत एक समान रीत आढळते. प्रतिनायकाला केंद्रस्थानी आणण्यासाठी त्याच्या ठिकाणी असे काही दाखविले जाते की जे आपल्याला आदरणीय किंवा करुण वाटते: पुत्रप्रेम, विद्वत्ता, शौर्य, पराभवातील ताठ कणा. म्हणजे खल म्हणून तो केंद्रस्थानी येत नाही. अंशतः नायक होऊनच येतो. याला उदात्तीकरणाची रीत म्हणता येईल. ती रीत श्रेष्ठ काव्याला जन्म देऊ शकते. परंतु दुष्टत्वाचा प्रश्न ती सोडवीत नाही, टाळते. जो प्रतिनायक उदात्त होऊच शकत नाही, ज्याच्या ठिकाणी पुत्र नाही, विद्या नाही, शोकही नाही, त्याची कथा कशी सांगावी, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

नेमका असाच प्रतिनायक विसाव्या शतकातील एका दूरदर्शन मालिकेने निर्माण केला. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरपासून तिच्यात ‘डालेक’ नावाचे प्राणी अवतरले. त्यांची कल्पना टेरी नेशन या लेखकाची, आणि त्यांचे दृश्यरूप रेमंड क्युसिक या आरेखकाचे. डालेक हा यंत्रमानव नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. धातूच्या कवचाच्या आत एक विरूप झालेला सजीव असतो; दीर्घ युद्धाने आणि नंतर हेतुपुरस्सर केलेल्या प्रयोगांनी त्याला तसे बनविलेले असते. आपल्याहून वेगळ्या असलेल्या सर्व जीवांचा द्वेष, एवढीच त्याची भावना. नेशन यांचा जन्म १९३० साली कार्डिफ येथे झाला आणि त्यांचे बालपण बॉम्बवर्षावाच्या छायेत गेले. त्यांच्या या निर्मितीमागे नाझींची आठवण होती हे सर्वमान्य आहे, आणि १९६४ च्या कथेत डालेकांनी व्यापलेल्या लंडनचे चित्रण पाहणाऱ्या प्रौढ प्रेक्षकाला ते कोणी सांगण्याची गरज नव्हती.

नायकाशिवाय डालेकांची कथा सांगण्याचा मोह नेशन यांना स्वतःलाही झाला होता. ९ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसारित झालेल्या एका भागात डॉक्टर हा नायक मुळीच नाही. त्या पंचवीस मिनिटांत डालेकांचा विजय होतो आणि सावधगिरीचा संदेश देऊ पाहणारा माणूस मारला जातो. पुढे १९६६ मध्ये केवळ डालेकांच्या स्वतंत्र मालिकेसाठी त्यांनी प्रारंभीच्या भागाची संहिता लिहिली. ती त्या काळी चित्रित झाली नाही, आणि २०१० मध्ये ध्वनिरूपात साकार झाली. मूळ दूरदर्शन मालिका १९८९ मध्ये थांबली आणि, १९९६ च्या एका चित्रपटाचा अपवाद सोडता, २००५ पर्यंत पडद्यावर आली नाही. या मधल्या काळात ‘बिग फिनिश’ या निर्मितीसंस्थेने १९९९ पासून ‘डॉक्टर हू’ची श्राव्यनाट्ये काढण्यास आरंभ केला, आणि २००१ मध्ये निकोलस ब्रिग्ज यांनी लिहिलेली व दिग्दर्शित केलेली ‘डालेक एम्पायर’ ही शाखामालिका श्रोत्यांसमोर आली. नावात डालेक, केंद्रस्थानी डालेक, आणि डॉक्टर अनुपस्थित.

अशी मालिका रचताना लेखकापुढे पहिली अडचण येते ती नाट्यवस्तूची. डालेकाला संशय नाही, इच्छांचा संघर्ष नाही, आप्त नाहीत. दोन डालेक एकमेकांशी बोलू लागले तर तो संवाद होत नाही. तेथे आज्ञा असते आणि आज्ञेचे पालन असते. नाटक मात्र द्वंद्वावर जगते. ज्याच्या अंतःकरणात दुसरा आवाज नाही त्याच्यावर तासन्‌तास चालणारे नाटक कसे उभारावे? डालेकाला एखादा हळवा कोपरा देणे, हा सोपा मार्ग होता. म्हणजे पुन्हा उदात्तीकरणच. ‘डालेक एम्पायर’ची पहिली मालिका त्या मार्गाने जात नाही. तिने निवडलेला मार्ग असा: डालेक आहेत तसेच ठेवावयाचे, आणि त्यांच्या सत्तेखाली जगणाऱ्या माणसांकडे पाहावयाचे.

या मालिकेची मध्यवर्ती व्यक्ती सुझन मेंडेस ही एक भूवैज्ञानिक स्त्री आहे. तिचा ग्रह डालेक जिंकतात आणि तेथील माणसांना गुलाम करतात. गुलाम मरेपर्यंत राबतात. परंतु मरणाऱ्या गुलामांचे काम मंदावते. सुझनच्या ठिकाणी माणसांना धीर देण्याची शक्ती आहे हे डालेकांच्या ध्यानात येते आणि एक सौदा ठरतो. गुलामांना थोडे अधिक अन्न आणि थोडी विश्रांती मिळावी; त्या बदल्यात तिने ग्रहाग्रहांवर फिरून त्यांना जगण्याची आशा द्यावी, म्हणजे ते अधिक चांगले काम करतील. लोक तिला दयेची देवदूत म्हणू लागतात. तिच्यामुळे असंख्य माणसे जिवंत राहतात, आणि तिच्यामुळेच डालेकांचे साम्राज्य चालते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पुढे तिच्या आणि कालेनडॉर्फ या तिच्या सहकाऱ्याच्या याच प्रवासांतून बंडाची बीजे पेरली जातात. परंतु बंड होईपर्यंतच्या काळाचे काय, हा प्रश्न मालिका श्रोत्याच्या ओंजळीत ठेवते.

येथे इतिहासाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. डालेक प्रथम दिसले त्याच १९६३ साली हाना आरंट यांचे आइखमनच्या खटल्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. राक्षसी कृत्ये करणारा माणूस राक्षसासारखा दिसत नाही, तो कागदपत्रे नीट ठेवणारा एक विचारशून्य अधिकारी असू शकतो, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. त्याच पुस्तकात ज्यू समाजाच्या मंडळांनी नाझींशी केलेल्या सहकार्याचाही प्रश्न त्यांनी उपस्थित केला, आणि त्यावर मोठे वादळ उठले. प्रिमो लेव्ही या आउश्वित्झमधून वाचलेल्या लेखकाने १९८६ मध्ये त्याच प्रश्नाकडे अधिक संयमाने पाहिले. पीडक आणि पीडित यांच्यामधील करड्या प्रदेशाची त्यांनी जी मीमांसा केली, तिच्यात लोद्झच्या ज्यू वस्तीचा प्रमुख हाइम रुमकोव्स्की याची कथा येते. श्रम हाच बचावाचा मार्ग, या समजुतीने त्याने साऱ्या वस्तीला नाझींसाठी राबणाऱ्या कारखान्याचे रूप दिले. सप्टेंबर १९४२ मध्ये तर आईबापांकडे मुले देऊन टाकण्याची मागणी केली. आणि ऑगस्ट १९४४ मध्ये अखेर त्यालाही आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले.

सुझन मेंडेस ही रुमकोव्स्कीची प्रतिमा आहे असे सुचवावयाचे नाही. त्याच्या ठिकाणी सत्तेचा जो मद होता तो तिच्यात नाही, आणि एका कल्पित ग्रहावरील दुःखाला त्या वास्तव मृत्यूंशेजारी ठेवताना संकोच वाटलाच पाहिजे. परंतु प्रश्नाचा आकार एकच आहे. जेथे प्रत्येक दयेच्या कृतीचा लाभ अत्याचाऱ्यालाही पोहोचतो, तेथे दया करावी की करू नये? लेव्ही यांनी या प्रश्नाला सोपे उत्तर दिले नाही. मात्र दोन गोष्टी त्यांनी ठामपणे सांगितल्या. करड्या प्रदेशातील माणसांचा न्याय करताना आपण घाई करू नये, ही एक. आणि म्हणून खुनी व बळी यांच्यातील भेदच पुसून टाकणे, आपण सारेच थोडेथोडे खुनी आहोत असे म्हणणे, ही विकृती आहे, ही दुसरी. प्रतिनायकाला केंद्रस्थानी आणणाऱ्या प्रत्येक लेखकाने या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिलीकडे दुर्लक्ष केले तर कथा प्रचार होते. दुसरीकडे दुर्लक्ष केले तर ती लबाडी होते.

‘डालेक एम्पायर’मध्ये ही दुसरी मर्यादा कशी पाळली गेली हे पाहण्यासाठी माध्यमाचा विचार करणे आवश्यक आहे. श्राव्यनाट्यात चेहरा नसतो. दूरदर्शनवर डालेकाचे भय बरेचसे त्याच्या आकारात होते. मुलांना त्याची खेळणी हवीशी वाटली तीही त्या आकारामुळेच. ध्वनिनाट्यात तो आकार नाहीसा होतो आणि केवळ आवाज उरतो. हा आवाज कसा सिद्ध होतो? १९६३ मध्ये पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहॅम या नटांनी उच्चारलेली वाक्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधील ब्रायन हॉजसन यांनी ‘रिंग मॉड्युलेटर’ या उपकरणातून नेली. त्या उपकरणात नटाच्या स्वराचा एका मंद कंपनाशी गुणाकार होतो आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी थरथरू लागतो. ब्रिग्ज यांनीही तेच तत्त्व अनुसरले आणि आपल्या मालिकेत डालेकांचा आवाज स्वतःच दिला. अर्थात डालेकाचा आवाज हा यंत्राने उत्पन्न केलेला नाद नाही. तो माणसाचाच आवाज आहे. त्यातील मार्दव, विराम आणि लय कापून काढलेली आहे. लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला त्या कापलेल्या स्वराखाली नटाचा श्वास जाणवतो.

या तांत्रिक बाबीतून एक नैतिक अर्थ आपोआप निष्पन्न होतो. डालेकाच्या बाजूला अनेक मुखांतून एकच आवाज येतो, आणि गुलामांच्या बाजूला प्रत्येक आवाज निराळा असतो: कोणाचा दमलेला, कोणाचा खोटे बोलताना चाचरणारा, कोणाचा विनोद करून भय लपविणारा. पीडक आणि पीडित यांच्यातील भेद निवेदकाला सांगावा लागत नाही, तो कानालाच कळतो. सुझन डालेकांशी बोलते तेव्हाही तिचा आवाज तुटत नाही, तो माणसाचाच राहतो; म्हणूनच तिने केलेल्या सौद्याचा भार आपल्याला जाणवत राहतो. पाहणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला अधिक काम करावे लागते. दृश्य त्याला स्वतःच्या मनात उभे करावे लागते. गुलामांचे तांडे, अन्नाची रांग, कवचावर पडणारा प्रकाश ही सारी सामग्री त्याच्याच अनुभवकोशातून येते. परिणामी तो प्रेक्षकासारखा बाजूला बसू शकत नाही. कथेतील अत्याचाराचे नेपथ्य त्याने स्वतः रचलेले असते.

याच संस्थेने पुढे अन्य दोन मार्गही चोखाळले. २००५ मध्ये ब्रिग्ज यांनीच ‘सायबरमॅन’ ही मालिका लिहिली. सायबरमॅन ही कल्पना १९६६ मधील. वैद्यकीय संशोधक किट पेडलर आणि लेखक गेरी डेव्हिस यांनी मांडलेली. एकामागून एक अवयव बदलीत गेले तर माणूस कोठे संपतो, ही पेडलर यांची चिंता तिच्या मुळाशी होती. श्राव्यमालिकेत माणसे युद्ध हरत चालली आहेत, आणि त्या भयापोटी त्यांच्यापैकीच काही जण माणसांचे यंत्रात रूपांतर करणाऱ्या शत्रूला मुक्तिदाता समजून जवळ करतात. म्हणजे ‘डालेक एम्पायर’मध्ये प्रश्न सक्तीखालच्या सहकार्याचा होता, येथे तो स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा आहे.

तिसरा मार्ग सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचा. २००६ मध्ये ‘आय, डॅव्हरॉस’ ही चार भागांची मालिका निघाली. डॅव्हरॉस हा डालेकांचा निर्माता शास्त्रज्ञ; टेरी नेशन यांच्या १९७५ मधील ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ या कथेत तो प्रथम अवतरला. तेथे तो प्रौढ, पंगू, अर्धा यंत्रावर जगणारा असा आहे. श्राव्यमालिका त्याच्या बाल्यापर्यंत मागे जाते: पिढ्यान्‌पिढ्या चाललेले युद्ध, कालेड जमातीतील एक सत्ताधारी घराणे, महत्त्वाकांक्षी आई, आणि या साऱ्यात वाढणारा एक बुद्धिमान मुलगा. शीर्षकाची ठेवण रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या ‘आय, क्लॉडिअस’ची आठवण करून देते, आणि राजघराण्यातील कारस्थानांचे वातावरणही.

दुष्टाचे चरित्र लिहिताना एक प्रमाद सहज घडतो. कारणांची साखळी सांगता सांगता तीच समर्थनाची साखळी होऊन बसते. आई अशी होती, काळ असा होता, युद्ध असे होते. म्हणून हा असा झाला. या ‘म्हणून’ शब्दात मोठा गोंधळ दडलेला आहे. कृतीचे कारण सांगणे आणि कृतीला आधार देणे या भिन्न गोष्टी आहेत. त्याच युद्धात, त्याच जमातीत इतर मुलेही वाढत होती. ती सारी डॅव्हरॉस झाली नाहीत. परिस्थिती वाट दाखविते, परंतु पाऊल ज्याचे त्याला टाकावे लागते. चरित्रकार ती पावले मोजून दाखवीत असेल तर तो जबाबदारीची जाणीव तीव्र करतो; वाटेचाच नकाशा काढून थांबत असेल तर ती पातळ करतो.

या दृष्टीने त्या चार भागांच्या शीर्षकांचा क्रम विचारात घेण्याजोगा आहे: निरागसता, शुद्धता, भ्रष्टता आणि अपराध. निरागसता आणि भ्रष्टता यांच्यामध्ये लेखकांनी ‘शुद्धता’ ठेवली आहे. सामान्य समजुतीनुसार शुद्धता ही निरागसतेची बहीण आणि भ्रष्टतेची वैरीण. येथे मात्र ती एकीकडून दुसरीकडे नेणारा पूल झाली आहे. वंशाची शुद्धता, हेतूची शुद्धता, शास्त्राची शुद्धता, अशा रूपांनी ती येते, आणि प्रत्येक रूप आपल्याबरोबर कोणाला तरी अशुद्ध ठरविते. बुद्धिमान माणसाच्या अधःपाताचा आरंभ पुष्कळदा लोभातून न होता शुद्धतेच्या आग्रहातून होतो, हे निरीक्षण कोणत्याही समाजाला उपयोगी पडावे असे आहे. ‘दशरूपक’कारांच्या प्रतिनायकलक्षणात लोभ आहे, व्यसन आहे, शुद्धतेचे वेड त्यात नाही. आधुनिक काळाने खलत्वाच्या लक्षणात घातलेली ही भर होय.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप व्यवहाराचा: खलपात्रांच्या अशा मालिका निघतात त्या ती पात्रे खपतात म्हणून; त्यांत नीतीचा शोध घेणे भाबडेपणाचे आहे. डालेकांची बाजारपेठ १९६० च्या दशकातच निर्माण झाली होती, आणि त्यांचे नाव आवरणावर असले की ग्राहक वळून पाहतो, हे खरेच आहे. परंतु कृती कशासाठी निर्माण झाली यावरून ती काय करते याचा निर्णय होत नाही. ग्रीक शोकान्तिका स्पर्धेसाठी लिहिल्या गेल्या आणि संस्कृत नाटके राजसभेच्या रंजनासाठी. तेवढ्याने त्यांचा अर्थ संपला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खल मोहक असतो. शाळेच्या पटांगणात मुले डालेक होऊन खेळली, कारण त्या खेळात कोणाचीही क्षमा न मागता सर्वांना संपविण्याची आज्ञा देता येते. ज्या निर्बंधांत आपण जगतो ते सारे खलाने झुगारलेले असतात, आणि त्या झुगारण्याचा आनंद श्रोत्यालाही हवा असतो. प्रतिनायकाला केंद्रस्थानी आणणारी कलाकृती हा आनंद पुरवूनच श्रोत्याला बांधून ठेवते, असा हा आक्षेप आहे, आणि तो पूर्णपणे खोडून काढता येईल असे मला वाटत नाही. ‘आय, डॅव्हरॉस’ ऐकताना त्या तीक्ष्ण बुद्धीची भुरळ पडते. मूर्ख विरोधकांवर ती मात करते तेव्हा मन नकळत तिच्या बाजूने झुकते. मात्र एवढे म्हणता येईल की, असे झुकणे लक्षात आणून देणारी कृती आणि ते लक्षात येऊ न देणारी कृती यांत भेद करता येतो. त्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. या कथेत बळींना आवाज आहे काय? त्यांना नाव, स्वभाव, विनोदबुद्धी, हट्ट आहे काय? की खलाची उंची दाखविण्यासाठी रचलेली ती प्रेतांची रास आहे? जेथे बळी मुके आहेत, तेथे खलाचे केंद्रस्थान हे त्याचे सिंहासन होते. जेथे ते बोलतात, तेथे तेच केंद्रस्थान साक्षीदारांनी वेढलेला आरोपीचा पिंजरा होते. ‘डालेक एम्पायर’ या कसोटीला उतरते, कारण तिच्यात डालेक कमी बोलतात आणि माणसे अधिक. ‘आय, डॅव्हरॉस’ला ही कसोटी अधिक जड जाते, कारण आत्मचरित्राच्या साच्यात इतरांचे आवाज नायकाच्या आवाजाला पूरक होऊन बसण्याची भीती असते.

या विवेचनाला मराठी मनात एक जुना आधार आहे. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी जे मागणे मागितले, त्यात दुष्टांचा विनाश मागितलेला नाही. त्यांच्या ठिकाणचा वाकडेपणा सुटावा, सत्कर्मांविषयी त्यांना ओढ वाटावी, असे मागितले आहे. या मागण्यामागे एक गृहीत आहे: दुष्ट आणि त्याचे दुष्टत्व या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक काढून घेतली तरी दुसरी उरते. ‘ऊरुभंगा’पासूनची सारी उदात्तीकरणाची परंपरा याच गृहीतावर उभी आहे. डालेक हा त्या गृहीतालाच दिलेला आव्हानाचा आकार आहे. त्याच्या ठिकाणी वाकडेपणा काढून घेतला तर काय उरेल? बनविणाऱ्याने त्याला बनविलेच अशा बेताने की, काही उरू नये.

१९७५ च्या त्या कथेत हा प्रश्न दोनदा येतो. एकदा नायकाच्या बाजूने: डालेकांच्या जन्मस्थानी स्फोटकांच्या दोन तारा त्याच्या हातात आहेत, त्या जोडल्या की हा वंश जन्मापूर्वीच संपेल. रोगजंतू नष्ट करावयास कोणी कचरत नाही, असे त्याची सहकारी म्हणते. आणि तरीही, एका संपूर्ण जीवजातीचा उच्छेद करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, या विचाराने त्याचा हात थांबतो. दुसऱ्यांदा तो प्रश्न निर्मात्याच्या बाजूने येतो. कथेच्या शेवटी डालेक डॅव्हरॉसच्या निष्ठावंत शास्त्रज्ञांवर शस्त्र रोखतात, आणि डॅव्हरॉस त्यांच्यासाठी दयेची याचना करतो. दया हा शब्दच डालेकांच्या शब्दसंग्रहात नसतो. तो त्यानेच काढून टाकलेला असतो.

या दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत प्रतिनायककेंद्री नाट्याचे खरे कार्य आहे, असे मला वाटते. कवच एकदा बंद झाल्यावर आतल्याशी बोलता येत नाही. तेथे क्षमेलाही विषय उरत नाही आणि समजून घेण्यालाही. परंतु डालेक होण्यापूर्वी ते कालेड होते. अक्षरांची उलटापालट करून नेशन यांनी एका नावातून दुसरे नाव घडविले, ते उगाच नव्हे. त्या दोन नावांमध्ये एक शास्त्रज्ञ आहे, त्याला प्रयोगशाळा देणारे शासन आहे, प्रश्न न विचारणारे सहायक आहेत आणि युद्धाला कंटाळून कोणताही तोडगा मान्य करणारी प्रजा आहे. या साऱ्यांच्या ठिकाणी दुष्ट आणि दुष्टत्व अद्याप वेगळे करता येण्याजोगे असते. त्यांचा वाकडेपणा सुटू शकतो, निदान सुटावा असे मागता तरी येते.

खलाची कथा सांगणे योग्य काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच होकारार्थी असले, तरी सशर्त आहे. ती कथा जर बंद कवचाचे कौतुक सांगणार असेल, तर तिच्यावाचून आपले काही अडत नाही. ती जर कवच बंद होत असतानाचे आवाज ऐकवीत असेल, सौदा करणारीचे, संमती देणाऱ्यांचे, शुद्धतेच्या आग्रहाने आंधळ्या झालेल्या बुद्धिमंतांचे, तर तिच्यातून आपल्याला आपल्या निवाड्यासाठी आवश्यक ती सामग्री मिळते. असे ऐकणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. दया हा शब्द आपल्या शब्दसंग्रहात अजून शिल्लक आहे, आणि तो कोणी, कोणत्या कारणाने, कोणाच्या संमतीने काढून टाकू पाहील, याची ओळख करून घेण्याची सवड तेवढ्यापुरतीच आहे.